बावन्न किल्ल्या

त्या शुक्रवारी मी जागा झालो तेव्हा उजेड अजून वाशांवरच होता. आमच्या घराच्या कौलांत एक काच बसवलेली होती आणि सकाळचा पहिला उजेड तिच्यातूनच आत येई. त्याला कधी घाई नसे. आधी धुराने काळ्या पडलेल्या वाशावर ताकासारखा पांढुरका पट्टा उमटे. मग तो भिंतीवर सरके, रुंद होई, हळूहळू त्याचा चौकोन बने. चुन्याचे सुटलेले पोपडे एकेक करून उजळत. तोवर आईने चूल पेटवलेली असे, आणि चौकोनाच्या वाटेत धुराची एक निळसर घडी उलगडत जाई. त्या उजेडात विशेष असे काहीच नव्हते. तो शेजारच्या घरातही तसाच येत असेल. पण भिंतीवरून जमिनीवर उतरताना तो नेमका आप्पांच्या सायकलवर पडे. आधी घंटीवर, मग हँडलवर, आणि शेवटी मागच्या चाकाच्या तारांमधून सारवलेल्या जमिनीवर सावलीची बारीक जाळी पसरे. त्या शुक्रवारी जाळी पसरली नाही. उजेड थेट जमिनीवर येऊन थांबला. तिथे टायरच्या दोन पुसट रेघा होत्या.

"सुकुमार, ऊठ. चालत जायचंय तुला," आई चुलीपुढून म्हणाली.

चालत जाण्याचा तो चौथा दिवस होता.

आप्पा म्हणजे माझे वडील, नेमगोंडा मगदूम. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत ते फिटर होते. ते वारले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि त्यांच्या पश्चात गिरणीने मला सूत तपासण्याच्या खोलीत घेतले. धागा यंत्रात लावायचा, तो कितव्या आकड्याला तुटतो ते पाहायचे आणि लिहून ठेवायचे, एवढेच काम. चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की माझ्या तळहातांना घाम सुटे. धाग्यांशी बोलावे लागत नसे, म्हणून ती खोली मला आवडे.

आप्पांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या. त्यांपैकी नोकरी माझी झाली. सायकल मात्र त्यांचीच राहिली. आई ती रोज सकाळी पुसायची आणि पुसता पुसता तिच्याशी हलक्या आवाजात काही बोलायची. मी ऐकू आले नाही असे दाखवी. सोमवारी पाळी सुटल्यावर मी स्टँडवर आलो, तर सायकल जागेवर नव्हती. आईला सांगितले तेव्हा ती रडली नाही. तिने पुसायचे फडके घडी करून फळीवर ठेवले. चार दिवस ते तिथेच होते.

गिरणीच्या फाटकाशी स्टँडचा राखणदार मारुती खोत माझी वाटच बघत होता.

"ए मगदूम! तोंड काय पाडलंयस असं, सुतकात असल्यागत? हिकडं ये."

"काय झालं, खोतमामा?"

"कडुनिंबाच्या बुडाला एक सायकल हाय. सोमवारपासनं बघतोय, कोण हात लावंना तिला. तुझी तर न्हवं?"

मी धावतच गेलो. सायकल काळी होती, उंची तीच, बनावट तीच. पण एवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हते. आमच्या कामगार सोसायटीने काही वर्षांपूर्वी एकदम ट्रकभर सायकली आणून कामगारांना दिल्या होत्या, आणि स्टँडवरच्या तीनशे सायकलींपैकी निम्म्याहून अधिक एकमेकींच्या जुळ्या बहिणी होत्या. कुणी ओळखीसाठी हँडलला लाल फीत गुंडाळी, कुणी मडगार्डवर नाव रंगवून घेई. आप्पांनी कधीच खूण केली नाही. हँडल हातात आले की कळते, असे ते म्हणत. कडुनिंबाखालच्या सायकलवरही कसलीच खूण नव्हती.

"कुणीतरी चेष्टा केली असंल, इथनं उचलून तिथं ठिवली असंल," खोत म्हणाला. "आता बघत काय बसलायस? किल्ली लाव की. लागली तर तुझी, न्हाई तर न्हाई. त्यात काय इचार करायचा?"

मागच्या चाकाच्या कुलपात मी किल्ली घातली. ती क्षणभर अडली. मग फिरली, आणि कुलपाची दांडी खट्‌कन मागे गेली.

"झालं की रं!" खोताने माझ्या पाठीत थाप घातली. "तुझीच न्हवं?"

"आप्पांची," मी म्हणालो.

त्या दुपारी घरी आल्यावर मी घंटी वाजवली. आई पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. तिने सीटवरून हात फिरवला, हँडलवरून फिरवला आणि जरा थांबली.

"सीट खाली आल्यागत वाटतीय."

"ज्याने नेली त्याने केली असेल, आई."

"तसंच असंल," ती म्हणाली. मग आत जाऊन फळीवरचे फडके घेऊन आली. मला त्या क्षणी जगाकडून आणखी काही नको होते.

पण मिळालेली गोष्ट गमावलेल्या गोष्टीहून अधिक झोप उडवते, हे मला पुढच्या दोन आठवड्यांत कळले. मी सायकल स्टँडच्या खांबाला सुताच्या दोरीने बांधू लागलो. तरी जीव थाऱ्यावर राहीना. अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी निमित्त काढून मी बाहेर जाऊन बघून येई. एकदा धागा यंत्रात तसाच ताणलेला ठेवून गेलो, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "मगदूम, सायकल तरी इथे आत आणून बांधा, नाहीतर स्वतःला तरी बाहेर बांधून घ्या." सगळे हसले. मी त्याच संध्याकाळी, ऊन असतानाच, इस्माईल शिकलगारांच्या दुकानी गेलो.

सगळे गाव त्यांना चाचा म्हणे. विळ्या-कात्र्यांना धार लावणे आणि कुलपे घडवणे हा त्यांच्या घरातला पिढीजात धंदा. सत्तरीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि बोटे मात्र एखाद्या सतारियासारखी.

"काय पायजे?"

"सायकलला कुलूप हवंय. पक्कं."

"पक्कं म्हंजे कसं?"

"न उघडणारं."

"न उघडणारं घिऊन काय करशील? तुला तरी उघडलं पायजे की." ते हसले. "बस. कुलूप उभ्या उभ्या घ्यायची वस्तू न्हवं. आत्ता कंचं हाय?"

मी बाहेर लावलेली सायकल दाखवली.

"सोसायटीचं व्हय? किल्ली आण हिकडं." त्यांनी खिळ्याला टांगलेल्या दुरुस्तीच्या कुलपांतून पाच काढून माझ्यापुढे मांडली. "ही बी सगळी सोसायटीचीच. लाव तुझी किल्ली."

"पण ही माझी नाहीत, चाचा."

"लाव तर खरं."

पहिले उघडले नाही. दुसरे उघडले. तिसरे नाही. चौथे उघडले, आणि पाचवे जरा हिसका दिल्यावर उघडले. मी त्या उघड्या कुलपांकडे बघत राहिलो.

"आत दोन पट्ट्या असत्यात," चाचा म्हणाले. "किल्लीनं त्या उचलायच्या. ह्या कुलपांच्या पट्ट्या कारखान्यात दोन-चार मापांतच कापल्या, आन आता त्या बी दमल्यात. जरा उचललं की सुटत्यात. तुमच्या स्टँडवर अशी किती असतील?"

"दीडशे तरी."

"मग तूच बघ, तुझ्या खिशात कुणाकुणाची सायकल हाय ती."

मला त्या वाक्यातून एवढाच अर्थ कळला की आप्पांची सायकल दीडशे माणसांच्या खिशांत आहे. मी घाईने म्हणालो, "मग हे कुलूप बदललंच पाहिजे."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग ते उठून सायकलपाशी गेले, कुलपात किल्ली दोनदा फिरवली, कान लावून ऐकले.

"किल्ली वडलांची?"

"हो."

"किल्ली लई झिजलीय. कुलूप आतनं तेवढं झिजलेलं न्हाई."

"आप्पा तेल घालायचे."

"असंल," चाचा म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू काढून ते कुलूप सायकलवरून उतरवले.

मग त्यांनी मला एकेक प्रकार दाखवला. आकड्यांचे कुलूप त्यांनी माझ्या हातात दिले, आकडे फिरवायला सांगितले, आणि परत घेऊन डोळे मिटून, नुसत्या बोटांच्या ओढीने दोन मिनिटांत उघडले. प्लॅस्टिकच्या नळीतली देखणी साखळी त्यांनी पकडीने भाजीच्या देठासारखी तोडली. "दिसायला रंगीत ते चोराच्या बी डोळ्यात भरतंय," ते म्हणाले. "आन एक ध्यानात ठेव. चाकाला लावलेलं कुलूप म्हंजे चाकच अडवलं. चोर अख्खी सायकल खांद्यावर टाकून जातोय. सांगाड्यातनं साखळी घाल आन जिमिनीत रोवलेल्या खांबाला आवळ."

"आणि हे?" दुकानाच्या दाराच्या कडीला एक ओबडधोबड, मुठीएवढे कुलूप लटकत होते. त्याला रंग नव्हता की नाव नव्हते.

"ते माझं हाय," चाचा जरा लाजून म्हणाले. "सा पट्ट्या. सहाच्या सहा निरनिराळ्या उंचीवर उचलल्या तरच सुटल. एक बी केसभर जास्त उचलली तरी न्हाई. पन ते आत्ता इकायचं न्हाई."

"का?"

"आमच्या घराची रीत हाय. नवं घडवलेलं कुलूप आठ दिस दाराला टांगायचं. येणारा-जाणारा त्याची किल्ली, तार, जे आसंल ते लावून बघंल. फोडायचं तेवढं न्हाई. उघडलं तर कुलूप त्याचं. न उघडलं तर नवव्या दिवशी गिऱ्हाईकाला द्यायचं. माझ्या बापानं अशी धा कुलपं गमावली. मी चार."

"ह्याचा कितवा दिवस?"

"उद्या आठवा. पन माझ्या दारी आता येतंय कोण?" ते कुलपाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "आठवा दिस तुझ्या गिरणीत कर की."

"मी? सगळ्यांसमोर?"

"मग? कुलूप सोताच्या तोंडानं सांगनार हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, पहिली पाळी सुटायच्या आणि दुसरी भरायच्या वेळी, मी स्टँडच्या मधल्या खांबाशी उभा होतो. सायकलच्या सांगाड्यातून जाड साखळी काढून खांबाला आवळली होती आणि तिच्यात चाचांचे कुलूप अडकवले होते. स्वतः चाचा धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसले होते. मला काय बोलायचे ते मी रात्रभर पाठ केले होते, आणि माणसे समोर येताच त्यातले एक अक्षर आठवेना. शेवटी खोतच स्टुलावर चढला.

"ऐका रं! हे शिकलगार चाचाचं कुलूप. ज्याच्या किल्लीनं उघडंल त्यानं घिऊन जावं. न्हाई उघडलं तर गप घरला जावं!"

"आन सायकल?" गर्दीतून कुणी तरी ओरडले. "सायकल बी त्याचीच का?"

हशा पिकला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"सायकल नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो मागच्या रांगेपर्यंत गेला होता. "सायकल माझ्या वडिलांची आहे. ती कुणालाच मिळणार नाही. कुलूप उघडून दाखवा!"

"वाघ हाय की रं ह्यो!" कुणी तरी म्हणाले, आणि रांग लागली.

खोत खांबावर खडूने रेघा ओढू लागला. एक किल्ली आत गेली, फिरली नाही. दुसरी आतच गेली नाही. सोसायटीच्या किल्ल्या, घराच्या किल्ल्या, एकाने तर बायकोच्या ट्रंकेची आणली होती. "तिला इचारलंस का?" खोताने विचारले, आणि तो गडी कानापर्यंत लाल झाला. आप्पांच्या हाताखाली शिकलेला पोपट लोहार तारेचा आकडा घेऊन आला. दहा मिनिटे तो कुलपाला कान लावून तार फिरवत होता.

"अरं, दात कोरतोयस का कुलूप उघडतोयस?"

"गप बसा! तीन सुटल्यात," पोपट घाम पुसत म्हणाला. कट्ट्यावर चाचांनी एक पाय दुसऱ्या पायावरून खाली घेतला. कुलूप गेले तर सायकल पुन्हा सुताच्या दोरीवर येणार होती, आणि आईच्या हातातले फडके पुन्हा फळीवर. "चार," पोपट पुटपुटला. मग आत कुठे तरी बारीकसा आवाज झाला आणि चारही पट्ट्या पुन्हा खाली बसल्या. पोपटाने तार फेकली. चाचांपुढे जाऊन त्याने हात जोडले. "चाचा, हात दाखवा तुमचे."

पन्नास झाल्या. एक्कावन्न झाल्या. रांग संपली, खोताने खडू कानावर ठेवला, आणि लोक ओरडण्यासाठी श्वास घेत होते तेवढ्यात मागून कुणी म्हणाले, "थांबा, अजून एक हाय."

गर्दी बाजूला झाली. येणारा माणूस पन्नाशीचा असेल. गळ्याची हाडे वर आलेली, केस झडलेले, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा ढगळ. 

"बिरू कोळेकर न्हवं?" खोत म्हणाला. "आरं, वळखू बी येईनास! कुठं व्हतास?"

"विषमज्वर झाला व्हता. मशिनीवरच पडलो, गिरणीच्या जीपनं दवाखान्यात नेलं. बावीस दिस झालं. आज कामावर घ्या म्हणून सांगाय आलोय."

तो कुलपाकडे आला नाही. आधी सायकलकडे आला. त्याने हँडलवर हात ठेवला, आणि ज्या तऱ्हेने ठेवला ती बघून मी माझा हात मागे घेतला. मग तो मागच्या चाकाशी वाकला. जुन्या कुलपाची जागा रिकामी होती. तिथे रंग जरा ताजा राहिला होता. त्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला.

"ही कुठं घावली, पोरा?" तो इतक्या हळू बोलला की फक्त मीच ऐकले.

"माझ्या वडिलांची आहे," मी म्हणालो.

"कोण वडील?"

"नेमगोंडा मगदूम."

"फिटर मगदूम." त्याने मान हलवली. "माझी मशीन त्यांनीच बशिवलेली. हायत?"

"नाहीत. दोन वर्षं झाली."

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता; एखादे जड ओझे उचलावे की ठेवावे, याचा अंदाज घेतल्यासारखी ती होती. माझ्या पाठीमागे शंभर-दीडशे माणसे उभी होती. मला त्या वेळी एकच वाक्य बोलायचे होते आणि ते बोलायला एवढी गर्दी फोडावी लागली असती, जेवढी फोडायचे बळ माझ्यात कधीच नव्हते. बिरूने करगोट्याला बांधलेली किल्ली काढली. सोसायटीची किल्ली. ती त्याने चाचांच्या कुलपात घातली, उजवीकडे फिरवली, डावीकडे फिरवली. पुन्हा एकदा, सावकाश. मग बाहेर काढली आणि पुन्हा करगोट्याला बांधली.

"पक्कं हाय," तो मोठ्याने म्हणाला. आणि मला, हलकेच, "नीट जप."

"बावन्न!" खोत गरजला.

मग जो गलका उठला तसा मी त्या गिरणीत पुन्हा ऐकला नाही. टोप्या उडाल्या. पोपटाने आणि आणखी कुणी तरी मला उचलून खांद्यावर घेतले. कट्ट्यावरून चाचा दोन्ही हात वर करून उठले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. एकाच दुपारी अकरा जणांनी त्यांच्याकडे तसल्याच कुलपाची मागणी केली. मला सगळे नावाने हाक मारत होते. ज्या माणसांशी दोन वर्षांत मी दोन वाक्ये बोललो नव्हतो, ती चहासाठी माझी ओढाताण करत होती, आणि मी हसत होतो, त्यांना उत्तरे देत होतो, त्यांच्या चेष्टेवर चेष्टा करत होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत उंच क्षण होता, अगदी शब्दशः. त्या उंचीवरून मला फाटकापलीकडचा रस्ताही दिसत होता. बिरू कोळेकर नदीपलीकडच्या गावाकडे चालत निघाला होता. दोन-तीनदा तो रस्त्याकडेच्या दगडावर टेकला.

मी सायकल घेऊन घरी गेलो. आईला कुलूप दाखवले. ती म्हणाली, "आप्पांनी बघायला पायजे व्हतं," आणि तिने शिरा केला.

त्या कुलपाने पुढे सतरा वर्षे सायकल राखली. सोसायटीची जुनी कुलपे वर्षभरात स्टँडवरून नाहीशी झाली, खोत मला मुकादम म्हणू लागला, आणि पुढे कामगार संघाच्या सभेत उभे राहून बोलायला मी कचरलो नाही. आईने अखेरपर्यंत ती सायकल पुसली. बिरू कोळेकर त्या वर्षभर चालत कामाला येत असे. तो फाटकातून येताना दिसला की मी तपासणीच्या खोलीत जाई आणि धागा लावी.

आप्पांची सायकल त्या सोमवारी गेली ती गेलीच. मी कुलूप लावले ती सायकल बिरूची होती.